जेवून जातो म्हणाले

समरकंद, वेशीबाहेर
घरातून काढल्याचं सहावं वर्ष, नौसर्द महिना

अर्तिवान,

तू बरा असशील, तुझी बायको बरी असेल, तुझे द्राक्षांचे मांडव बरे असतील. नानैदेवी तुम्हा सगळ्यांचं भलं करो. झालं कुशल विचारून. आता ऐक.

काल मी शहरात गेले होते. आपल्याच शहरात. पण आता चिनी दरवाज्यावर शिपाई बसतो आणि त्याच्यासमोर घमेल्यात माती कालवून ठेवलेली असते. आपण हात पुढे करायचा. तो मनगटावर मातीचा गोळा थापतो, त्यावर शिक्का उठवतो. ती माती वाळायच्या आत बाहेर यायचं. माती वाळली आणि आपण आतच सापडलो, तर मान जाते. या दिवसांत माती किती लवकर वाळते, हे तुला तिकडच्या वाळवंटात राहून सांगायला नको. बायका ओला फडका नेतात आणि गुपचूप मातीवर पिळतात. मीही पिळला. ज्या गल्लीत मी परकर नेसून हुंदडले, तिथे भिंतीकडे तोंड करून, चोरासारखा.

आपल्या घराचं दार सताड उघडं होतं. बाबांनी दिवाणखान्यात रंगवून घेतलेली भिंत आठवते? तिच्यावर चुना फासलाय. सगळे पाहुणे, बासरी वाजवणाऱ्या बायका, काका, आत्या, सगळे चुन्याखाली. अंगणात तो सुवैद बसला होता, खलिफाच्या फौजेतला लंगडा शिपाई. आपलं घर त्याच्या वाट्याला आलंय. टरबूज खात होता. मला म्हणाला, "काय हवं बाई?" आपल्याच भाषेत, मोडकंतोडकं. मला काय हवं. मी काही न बोलता परत फिरले, कारण बोलत बसले असते तर माती वाळली असती.

आता कामाचं. दमास्कसला नवा खलिफा गादीवर आलाय. माणूस न्यायाचा आहे म्हणतात. आपल्या पंचांनी त्याच्याकडे माणसं पाठवली होती. त्यांनी सांगितलं, शहर लढून घेतलं नाही, फसवून घेतलं. त्याने हुकूम दिलाय की काजी नेमा, दोन्ही बाजू ऐका. सुनावणी हिवाळ्यात होईल.

त्या दिवशी पंगतीत बाबांबरोबर तूच वाढत होतास. तटावर झुंजून दोन्ही बाजू थकल्या तेव्हा तह झाला; तो काय होता, तू कानांनी ऐकलास. वेस उघडायची, त्यांनी आत यायचं, प्रार्थना करायची, आपल्याकडे जेवायचं आणि निघून जायचं. "जेवून जातो" म्हणाले होते. जेवले, हात धुतले, आणि मग सेनापती म्हणाला की आता तुम्ही जा. बाबा वेशीबाहेरच्या पहिल्याच थंडीत गेले. त्या पंगतीत वाढणाऱ्यांपैकी जिवंत आणि धडधाकट असा तूच एक उरलायस.

ये. पाहुणा म्हणून नको येऊस, साक्षीला ये.

तुझी ताई,
फ्रियान


दुनह्वांग
चिनी पंचांगातलं घोड्याचं वर्ष, द्राक्षं उतरवून झाल्यावर

ताई,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. मनगटावर माती! आपल्या बहिणीच्या, आपल्या शहरात! मी ते पत्र इथल्या आपल्या माणसांना वाचून दाखवलं. म्हातारा घोडेवाला दात-ओठ खात उठून गेला. अशा लोकांशी न्यायाची भाषा कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं. ज्याने पंगतीत बसून शब्द दिला आणि हात वाळायच्या आत मोडला, त्याचाच काजी तुम्हाला घर परत देणार? ताई, तू भोळी आहेस. लांडग्याच्या दारात कोकरू तक्रार घेऊन गेलं, तर आत बोलावेलच की तो त्याला.

मी यायचं म्हणतेस. माझं रक्त तिकडेच आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. पण बायकोला दिवस गेलेत. मांडव तिसऱ्या वर्षाचे आहेत, आत्ता छाटणी चुकली तर सगळं वाया जातं. शिवाय वाटेत तुर्कांच्या टोळ्या काफिले अडवताहेत. आणि मी येऊन असा काय फरक पडणार? माझा एकट्याचा शब्द आणि त्यांचं अख्खं सैन्य.

तख्सिच दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी खोगिरं शिवायचं सोडून आता तलवारीला धार लावावी. पेसकला सांग, मामा त्याच्यासाठी चिनी रेशमाचा सदरा पाठवतोय.

संतापाच्या भरात अजून काही लिहून बसेन, म्हणून थांबतो.

तुझा,
अर्तिवान


समरकंद, वेशीबाहेर
घरातून काढल्याचं सहावं वर्ष, झिमदा महिना

अर्तिवान,

सदरा पोचला. अंगाला घट्ट होतो. तुझ्या डोक्यात पेसक अजून परसात चिमण्या धरणारा पोर आहे. तो आता दाढी करतो.

तुझ्या संतापाला मी काय करू? चुलीत घालून भाकरी भाजता येत असती, तर एव्हाना आमचं गाव जेवून तृप्त झालं असतं. तुझ्या वेली छाटायला माणूस मिळत नाही, आणि आम्हाला साक्षीला माणूस मिळत नाही. तुझी बायको सुखरूप सुटू दे. त्या लेकराला माझा आशीर्वाद. तुला मात्र माझा राग.

सुनावणी झाली. तुझा शब्द नसताना झाली.

काजी साध्या चटईवर बसला होता. एकीकडे त्यांचे सरदार, एकीकडे आपले पंच. मागे आम्ही सगळे उभे. पंचांनी तह सांगितला. सरदार म्हणाले, "असं काही ठरलंच नव्हतं. शहर तलवारीने घेतलं." काजीने विचारलं, "पंगतीत होता असा कोणी आहे?" मी पुढे झाले. म्हटलं, मी त्या दिवशी चुलीपाशी होते, आम्ही किती तंदूर पेटवले होते ते सांगते. कोणी हरलेलं शहर शत्रूसाठी असा स्वयंपाक करतं का? सरदार हसले. एक म्हणाला, "बाई तंदुराची साक्ष काढतेय." काजी हसला नाही. पण त्याने लिहूनही घेतलं नाही.

मग मागून एक आवाज आला. "मी होतो."

सुवैद. लंगडत पुढे आला. म्हणाला, "मी होतो त्या पंगतीत. या बाईच्या भावाने मला वाढलं. शब्द दिला होता. जेवून निघायचं होतं."

त्याच्याच सरदाराने त्याला विचारलं, "तू कुठल्या बाजूचा?"

तो म्हणाला, "जेवलो होतो मी. खोटं कसं बोलू?"

लोक म्हणतात, काय देवमाणूस. माझ्या अंगाची आग आग झाली. सहा वर्षं माझ्या घरात झोपलास, माझ्या बाबांच्या भिंतीवर चुना फासलास, आणि आज खरं आठवलं? आणि आठवलं नसतं तर? मग मी काय, आयुष्यभर मातीवर फडका पिळत बसायचं? माझ्या खरेपणाला त्याच्या तोंडाची गरज पडली, याचाच मला जास्त राग आहे.

तर काजीने निकाल दिला. सैन्याने शहर सोडून आपल्या जुन्या छावणीत जायचं. आपण वेशीत परत जायचं. आणि मग दोन्ही बाजूंनी बरोबरीने उभं राहून नव्याने ठरवायचं, तह किंवा लढाई.

लोक रडले, नाचले. म्हाताऱ्या बायकांनी पाडलेल्या देवळाच्या जागी दिवे लावले. सैन्य खरोखर सामान बांधायला लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सुवैदने अंथरूण-पांघरूण अंगणात आणून ठेवलं होतं.

पण आपण काही परत गेलो नाही. पंचांची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं, लढाई नको. आहे तसंच राहू दे. जिंकलेला खटला आपल्या हातांनी परत केला. तुझे दाजीही त्या बैठकीत होते.

याहून जास्त लिहायची इच्छा नाही.

फ्रियान


दुनह्वांग
मेंढीचं वर्ष, उन्हाळा

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मुलगा दोन महिन्यांचा झाला होता. बाबांचं नाव ठेवलंय. आज मला त्या नावाची लाज वाटते, कारण बाबांच्या शहराने जे केलं ते ऐकून मी इथे कोणाला तोंड दाखवू?

काजीने दार उघडून दिलं आणि तुम्ही उंबऱ्यावरून परत फिरलात! त्यांच्यातल्या एका लंगड्या शिपायाला खरं बोलायची हिंमत झाली आणि आपल्या माणसांना उभं राहायची झाली नाही. तेही बरोबरीची लढाई मिळत असताना! अशी संधी शंभर वर्षांत कोणाला मिळते?

आणि तख्सिच दाजी. मी त्यांना नेहमी मान दिला. पण वनरझचा बाप आहे ना हा माणूस? पोटचा मुलगा तटावर पडला, आणि बाप बैठकीत बसून म्हणतो, आहे तसंच राहू दे? ताई, तुला वाईट वाटेल, पण बोलतो. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांची खोगिरंच शिवत राहिला. स्वतः कधी घोड्यावर बसला नाही. असा भेकड नवरा तुझ्या गळ्यात बांधला, यात बाबांची चूक झाली.

काल आमच्याकडे इथली आपली सगळी सोग्दी माणसं जमली होती. समरकंदसाठी प्याले उचलले. लढाई झाली असती तर इथून एकेकाने घोडा काढला असता, अशी शपथ घेतली सगळ्यांनी. पण लढणारच कोणी नसेल, तर आम्ही कोणासाठी यायचं?

हे पत्र त्यांना वाचून दाखव. मुद्दाम दाखव.

अर्तिवान


समरकंद, वेशीबाहेर
घरातून काढल्याचं सातवं वर्ष, फगकान महिना

अर्तिवान,

वाचून दाखवलं. तू म्हणालास म्हणून नाही. तुझे दाजीच म्हणाले, "वाच, पूर्ण वाच, मधलं गाळू नकोस." मी वाचत गेले, ते दाभणात दोरा ओवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पोरगा झाला का? छान झालं." आणि परत कामाला लागले. मी म्हटलं, मी त्याला खरं लिहिते. तर म्हणाले, "कशाला? लांब आहे तो. कोणावर तरी रागावू दे त्याला. निदान तुझ्याशी तरी तो बोलत राहील."

पण मला ते सहन होत नाही. म्हणून ऐक.

बैठकीत सगळ्यात आधी उभे राहिले ते तुझे दाजी. म्हणाले, लढू. निकालानंतर घरी येऊन त्यांनी वनरझचं शिरस्त्राण काढून पुसून ठेवलं होतं. पेसकने तर नाव आधीच दिलेलं. सगळीकडून "लढू, लढू" असा गलका झाला. तरुण पोरं भिंतींवर चढून बसली होती. पंचही तयार होते.

मी बायकांच्या घोळक्यातून उठले आणि पुढे गेले. एक जण म्हणाला, "बाई, मागे बस." मी म्हटलं, "तुझा भाऊ कुठे आहे?" तो बाजूला सरला. दुसऱ्याला विचारलं, "तुझा जावई कुठे आहे?" त्याने तटाकडे बोट दाखवलं. मी विचारत गेले. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी त्या तटाखाली आहे. मग मी विचारलं, "आता तटावर कोण उभं राहणार? राजा नाही, तुर्कांचे घोडे येत नाहीत, दगड फेकायची यंत्रं त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडे पोरं आहेत. आणि हरलो तर? आधीचा तह फसवा होता, पण तह होता. म्हणून आपण बाहेर का होईना, जिवंत आहोत. लढून हरलो तर घरं सोडाच, ही पोरं आणि पोरी दोरीला बांधून बाजारात उभ्या करतील."

कोणीतरी म्हणालं, "काजीने न्याय दिलाय बाई."

मी म्हटलं, "कसला न्याय? चोर घरात शिरला. काजीने चोराला सांगितलं, तू बाहेर उभा राहा, आणि आता धन्याशी कुस्ती खेळ. जिंकशील तर घर तुझं. हा न्याय नाही. आपण खरे आहोत, एवढं त्याने आपल्या तोंडावर सांगितलं, आणि परत मरायला मोकळं केलं."

मग तुझे दाजी खाली बसले. त्यांचं बघून एकेक जण बसत गेला. पेसक तेवढा उभा राहिला, शेवटपर्यंत.

तेव्हा समरकंदची लढाई तुझ्या बहिणीने मोडली. भेकड म्हणायचं असेल तर मला म्हण. आणि त्यांनी घोड्यावर बसण्याबद्दल म्हणशील, तर वनरझला तटावरून खांद्यावर घेऊन ते चालत घरी आले होते. तू मात्र घरातून काढल्यावर पहिल्याच काफिल्याच्या उंटावर बसलास. मी तुला कधी काही म्हटलं नाही. जीव वाचवणाऱ्याला मी का नावं ठेवू? मी तेच केलं, फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठीही केलं.

पण माझा राग गेला असं समजू नकोस. मी जे केलं ते बरोबर होतं, आणि बरोबर करताना मला माझं घर माझ्या हाताने त्यांना द्यावं लागलं. ज्यांनी शब्द मोडला त्यांना काही द्यावं लागलं नाही. सुवैदने अंथरूण परत आत नेलं. जाताना मला म्हणाला, "बाई, मला वाईट वाटतं." मी म्हटलं, "वाटू दे. तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे." त्याने मान खाली घातली, पण दार लावून घेतलंच.

मातीचा शिक्का मात्र बंद झाला. पंच बदल्यात काहीच मागणार नव्हते. मी त्यांच्या दारात जाऊन बसले, आणि माझ्यामागे निम्म्या गावच्या बायका. शेवटी तेवढं मिळालं.

पेसक माझ्याशी बोलत नाही. त्या दिवसापासून माझ्या हातचं जेवत नाही. शेजारणीकडे भाकरी मागून खातो आणि माझ्यासमोर बसून खातो. मी काही म्हणत नाही. खातोय ना, खाऊ दे.

आता तू तुझ्या दाजींना लिही. मला नको लिहूस.

फ्रियान


दुनह्वांग
माकडाचं वर्ष, बर्फ वितळल्यावर

तख्सिच दाजींना, अर्तिवानचा पाया पडून नमस्कार.

दाजी, मला लांबलचक लिहिता येतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून या वेळी थोडक्यात लिहितो.

मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत, आणि मुलगा झाला म्हणून आनंद मानलात. ताईने ते लिहिलेलं वाचून मी बायकोला सांगायला गेलो. तिने पत्र हातातून घेतलं, स्वतः वाचलं आणि म्हणाली, "या माणसाला तुम्ही भेकड म्हणालात?" एवढंच. दोन दिवस तीही माझ्याशी बोलली नाही. आपल्या घरातल्या बायकांची ही रीतच दिसते.

ताईचं पत्र मी इथल्या लोकांनाही वाचून दाखवलं, ज्यांनी शपथ घेतली होती त्यांना. म्हटलं, लढाई नाही, पण समरकंदला आपली माणसं आहेत, घरं बांधायचीत, विहिरी खणायच्यात, कोण येतं? एकाची घोडी गाभण होती. एकाचा जावई आजारी होता. एकाला वाटेवरच्या टोळ्या आठवल्या. दाजी, मी तिथे बसून ऐकत होतो आणि प्रत्येक कारण मला पाठ होतं. माझीच होती ती सगळी.

जेवून शब्द मोडणारे एक, आणि शब्द देऊन न येणारे दुसरे. ताईने पहिल्यांवर राग काढला, दुसऱ्यांवर काढायला तिला वेळच मिळाला नाही. तो तिला मिळायला हवा.

मळा मेहुण्याच्या हवाली केला आहे. छाटणी तो चुकवणारच, चुकवू दे. बायको आणि मुलगा बरोबर आहेत. हे पत्र आमच्याआधी पोचेल असं वाटतं, कारण पत्राबरोबर लहान मूल नसतं.

पेसक ताईच्या हातचं जेवत नाही, असं तिने लिहिलंय. मी आलो की आम्ही दोघं तिच्यासमोर बसू. आधी ती मला मनसोक्त बोलू दे. मी मध्ये तोंड उघडणार नाही, तुमच्यासारखं ऐकून घेईन. पेसकलाही बसवा, त्यानेही ऐकावं, तिला काय बोलायचं आहे ते. तिचं बोलून संपलं, की भाकऱ्या टाकायला सांगा. जास्त टाकायला सांगा, दाजी. आम्ही जेवून जाणारे नाही.

तुमचा,
अर्तिवान